चिखल, पोटखराबा आणि फ्लेमिंगो: भिगवणचं गणित सोप्या भाषेत

डिसेंबर उजाडला की पुण्या-सोलापूरकडच्या पेपरांत एक बातमी बऱ्याचदा असते: भिगवणला यंदा फ्लेमिंगो रुसले. त्याच्या आधी महिना-दोन महिने उजनी धरण शंभर टक्के भरल्याचा आनंद साजरा झालेला असतो. वाचणारा बुचकळ्यात पडतो. पाणी एवढं तुडुंब, आणि पाणपक्षीच नाहीत? मग पाणी उतरायला लागतं, शेतकऱ्यांच्या कपाळावर आठ्या चढतात, आणि नेमके तेव्हाच सगळ्यांच्या मोबाइलवर गुलाबी थव्यांचे फोटो फिरू लागतात.

यात रुसवाफुगवा काही नाही. फुगवटा मात्र आहे, आणि सगळी गंमत त्या फुगवट्यातच आहे.

धरणाची भिंत नदीला अडवते. अडलेलं पाणी मागे सरकत जातं आणि नदीच्या दोन्ही काठांवर पसरतं, त्याला फुगवटा म्हणतात. भीमेवरचं उजनी धरण सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यात आहे. ते १९८० साली पूर्ण झालं आणि त्याच्या जलाशयाला यशवंतसागर नाव मिळालं. भिगवण, कुंभारगाव, डिकसळ ही गावं मात्र भिंतीपासून बरीच वर, इंदापूर-दौंडच्या बाजूला, फुगवट्याच्या शेपटाकडे आहेत. तिथून दक्षिणेला बारामती-इंदापूरचे कोरडे माळ सुरू होतात. पाणी आणि माळ दोन्ही एका दिवसात बघता येतात म्हणून पक्षी बघणाऱ्यांची इथे वर्दळ असते. बहुतेक लोक फक्त पाणी बघून, मासे खाऊन परत जातात. माझ्या मते ते अर्धीच सहल करतात.

शून्य टक्के म्हणजे किती पाणी?

आधी टक्क्यांचा घोळ सोडवू. धरणाचं पाणी टीएमसीत मोजतात. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सांगायचं तर साधारण २,८३० कोटी लिटर. उजनीची एकूण क्षमता ११७ टीएमसी. त्यातलं सुमारे ६३ टीएमसी पाणी कालव्याच्या तोंडाच्या पातळीखाली असतं, म्हणजे ते आपोआप कालव्यात जाऊ शकत नाही. हा मृतसाठा. माठाला तोटी बुडाशी न बसवता मध्यावर बसवली तर तोटीखालचं पाणी माठात असतं, पण पेल्यात येत नाही, तसंच हे. पेपरात येणारे टक्के तोटीच्या वरच्या पाण्याचे असतात.

म्हणून उजनी ‘शून्य टक्के’ झालं तरी त्यात ६३ टीएमसी पाणी उरलेलं असतं. पुण्याला पाणी देणाऱ्या खडकवासला साखळीतली चारही धरणं काठोकाठ भरली तरी त्यांचा साठा २९ टीएमसीच्या आसपास जातो. म्हणजे रिकामं उजनी भरलेल्या चार धरणांच्या दुपटीहून जास्त. त्या तोटीखालच्या पाण्यातूनही उपसा होतोच, पिण्यासाठी, शेतीसाठी, उद्योगांसाठी, आणि मग आकडा उण्यात जातो. २०२४ च्या जूनमध्ये तो उणे ६० टक्क्यांच्या जवळ गेला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये धरण भरलं. अवघ्या दोन महिन्यांत एवढी उलथापालथ! कोरड्या वर्षी पळसदेवचं पाण्याखाली गेलेलं जुनं मंदिर उघडं पडतं, लोक दर्शनाला जातात, आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा बुडतं.

पक्ष्यांना टक्के कळत नाहीत. त्यांना कळते ती खोली.

हंडा आणि परात

हंड्यातलं चार तांबे पाणी काढलं तर पातळी खाली जाते, पण पाण्याचा वरचा घेर तेवढाच राहतो. परातीत तसं नाही. परातीतलं थोडं पाणी काढलं की कडेचा मोठा भाग उघडा पडतो, ओला आणि चकचकीत. धरण भिंतीजवळ हंड्यासारखं असतं आणि फुगवट्याच्या शेपटाला परातीसारखं. भिगवण परातीच्या कडेला आहे. इथे पातळी वीतभर उतरली तरी काठ कितीतरी मागे सरकतो आणि मधे चिखलाचा रुंद पट्टा उघडा होतो.

त्या चिखलाला इथले शेतकरी ‘गाळपेर’ म्हणून ओळखतात. पाणी हटलं की त्या गाळावर पीक घ्यायचं. पक्षीही तेच करतात, फक्त त्यांना पेरावं लागत नाही. त्या गाळात किडे, अळ्या, गोगलगायी, शेवाळ, बारीक बिया सगळं असतं, आणि उथळ पाण्यात ऊन तळापर्यंत पोचत असल्यामुळे ते सतत वाढत असतं. खोल पाण्याच्या तळाशीही काही ना काही असतं, पण तिथवर पोचणार कोण?

फ्लेमिंगो, मराठीत रोहित, उभ्या उभ्या जेवणारा पक्षी आहे. तो पाण्यात पाय रोवतो, मान खाली सोडतो आणि डोकं उलटं करून चोच पाण्यात फिरवतो. चोचीच्या आत कंगव्यासारखे दाते असतात. जीभ पिचकारीच्या दट्ट्यासारखी पुढेमागे होते, पाणी आत येतं, दात्यांतून बाहेर जातं, आणि शेवाळ, किडे, बारीक कोळंबीसारखे जीव आत अडकतात. चहा गाळून चोथा खावा तसं. पाणी त्याच्या पायांपेक्षा खोल असेल तर हा सगळा प्रकार जमत नाही. तो पोहू शकतो, पण पोहत पोहत पोट भरणं त्याला परवडत नाही. म्हणून पाऊस लांबून धरण डिसेंबरअखेरपर्यंत तुडुंब राहिलं की रोहित दुसरीकडचं उथळ पाणी शोधतात आणि पेपरवाले त्याला रुसणं म्हणतात.

गुलाबी रंगही या जेवणातूनच येतो. गाजराला जो रंग देतो त्याच जातीचा पदार्थ त्या शेवाळात आणि जीवांत असतो. पिल्लं करड्या रंगाची असतात आणि काही वर्षांनी रंग धरतात, त्यामुळे थव्यात मळकट पांढरे दिसले तर आजारी समजू नका, ती पोरं आहेत. अजून एक: मुंबईच्या खाडीत हजारोंनी दिसतात ते बहुतेक छोटे रोहित. त्यांना खारट पाण्यातलं बारीक शेवाळ लागतं. भिगवणला येतात ते मोठे रोहित, उंचीने चार फुटांच्या आसपास आणि खाण्यात कमी चोखंदळ.

चोचीच्या मापाची पंगत

काठावर बसून दुर्बिणीतून दहा मिनिटं एकच जागा बघा. मी हे प्रत्येक नव्या माणसाला करायला लावतो आणि प्रत्येक जण आधी कंटाळतो. मग दिसायला लागतं. पाण्याच्या अगदी कडेला, जिथे चिखल नुसता ओलसर आहे, तिथे चिमणीएवढे टिलवे शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच मारत पळत असतात. त्यांच्यापुढे घोटाभर पाण्यात तुतवार. त्याच्यापुढे लांब गुलाबी पायांचा शेकाट्या, गुडघाभर पाण्यात, चोच जणू चिमटा. आणखी पुढे पाणटिवळा, त्याची चोच एवढी लांब की ती चिखलात पार डोळ्यांपर्यंत जाते. मग चमचे, चपट्या चोचीने पाणी डावीउजवीकडे ढवळणारे. त्यापुढे थापट्या आणि तलवार बदकं. ही बुडी मारत नाहीत, शेपूट आभाळाकडे करून नुसतं डोकं खाली घालतात. आणि सगळ्यात पुढे, खोल पाण्यात, पाणकावळे.

एकाच पंगतीत सगळे बसलेत, पण एकाचं ताट दुसऱ्याच्या ताटाला लागत नाही. कारण प्रत्येकाच्या पायाची आणि चोचीची लांबी वेगळी आहे. पातळी हाताएवढी बदलली की पूर्ण पंगत पुढेमागे सरकते. आणि ज्या जागी काठ उभा, कातळाचा किंवा सिमेंटचा असतो, तिथे पंगत मांडायला जागाच नसते.

याचं ठळक उदाहरण म्हणजे गावोगावची प्लास्टिक अंथरलेली शेततळी. पाणी भरपूर, पण काठ तिरपा आणि गुळगुळीत. उथळ कडा नाही, चिखल नाही, म्हणून बहुतेकदा पक्षीही नाहीत. उलट तहानलेला कोल्हा नाहीतर चिंकारा आत घसरला तर वर येता येत नाही. नुसतं पाणी म्हणजे पाणथळ नव्हे. पाणथळ म्हणजे पाणी, जमीन आणि त्यांच्यामधली ती सरकणारी ओली कड.

जरा मागे वळा

आता बोटीतून उतरून दक्षिणेला चला. अर्ध्या-पाऊण तासात ऊस मागे पडतो आणि मुरमाड माळ लागतो. सह्याद्रीने पावसाचं बहुतेक पाणी पश्चिमेलाच उतरवून घेतलेलं असतं, म्हणून इंदापूर-बारामतीच्या या पट्ट्यात वर्षाला साधारण ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. खाली बसाल्टचा खडक, वर वीतभर मुरूम, त्यावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी गवतं, आणि लांब लांब एखादी बोर, हिवर, बाभूळ. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य १९९७ साली जाहीर झालं. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरच्या जेमतेम वर, राज्यातल्या सगळ्यात लहान अभयारण्यांपैकी एक. इंदापूर तालुक्यात कडबनवाडी, बारामती तालुक्यात शिरसुफळ, इथेही वनखात्याचे माळ आहेत आणि अलीकडे तिथे गवताळ प्रदेशाच्या सफारी सुरू झाल्या आहेत.

पहिल्यांदा येणारा म्हणतो, ‘इथे काय आहे?’ प्रश्न रास्त आहे. पाण्यावर पक्षी मिरवतात, माळावर ते लपतात. झाड नाही, आडोसा नाही, म्हणून इथल्या पक्ष्यांनी जमिनीचाच रंग अंगावर घेतला आहे. धाविक नावाचा पक्षी आहे, टिटवीच्या नात्यातला, विटकरी अंगाचा, डोळ्यावरून मागे जाणारी पांढरी-काळी पट्टी. तो चार पावलं धावतो आणि थांबतो. धावताना दिसतो, थांबला की गायब. त्याची अंडी तर उघड्या मुरमावर, घरटं म्हणून काडीसुद्धा नाही. एकदा मी अशी दोन अंडी तीन फुटांवरून बघत होतो. सोबतच्या मित्राला बोटाने दाखवून झालं, त्याला दगडच दिसत राहिले. अखेर धाविक जोडीने आरडाओरडा सुरू केला म्हणून आम्ही मागे सरलो. जाताना मी पुन्हा वळून बघितलं आणि मलाही ती सापडली नाहीत.

माळटिटवी, चंडोल, डोंबारी, तित्तर, लाव्हे सगळ्यांचा संसार असाच जमिनीवर. डोंबारीचं नाव तर बघा: नर उंच जातो, पंख मिटून दगडासारखा खाली कोसळतो, जमिनीला टेकायच्या आत पुन्हा वर उसळतो. खेळ करणाऱ्यावरूनच नाव पडलं. हिवाळ्यात मध्य आशियातून भोवत्या येतात, लांब पंखांचे शिकारी पक्षी. गवताच्या टोकांवरून, गुडघाभर उंचीने, माळाभोवती भोवती उडत राहतात. त्यांच्या जेवणात नाकतोड्यांचा मोठा वाटा असतो आणि रात्री ते गवतात जमिनीवरच मुक्काम करतात. म्हणजे हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाहुण्याला झाड नको, ढोपरभर गवत हवं.

माळावरचा पक्षी पाणी वाहतो तेव्हा

पाणी आणि माळ ही दोन वेगळी ठिकाणं नाहीत, एक जोडखातं आहे. हे सगळ्यात चांगलं कळतं ते पखुर्डीकडून.

पखुर्डी, काही जण भट तितर म्हणतात, कबुतराएवढी, मातीच्या रंगाची. आयुष्य माळावर, खाणं जवळजवळ सगळं कोरडं बी. नुसते भाजलेले शेंगदाणे खाऊन दिवस काढायचा म्हटलं तर आपलं जे होईल तेच तिचं होतं, म्हणून तिला रोज पाणी लागतं. सकाळी ऊन चढायच्या आत त्यांचे थवे उंचावरून आवाज करत येतात, तळ्यापासून थोडं दूर उतरतात, इकडेतिकडे बघतात, मग काठाशी जाऊन घोट घोट पितात आणि उडून जातात. सगळा कारभार काही मिनिटांचा. उशिरा पोचलात तर ओल्या चिखलात पायांचे ठसे तेवढे मिळतात.

पिल्लं झाली की मात्र नर लवकर निघत नाही. तो पाण्यात पोट टेकवून बसतो आणि अंग हलवत राहतो. त्याच्या पोटावरच्या पिसांचे तंतू गुंडाळलेले असतात. ओले झाले की ते उलगडतात आणि त्यांच्या जाळीत पाणी धरून राहतं. तसाच उडत तो माळावरच्या पिल्लांकडे जातो, उभा राहतो, आणि पिल्लं त्याच्या पोटाला तोंड लावून पिसांतून पाणी ओढून घेतात. पखुर्डीच्या आफ्रिकेतल्या एका भाऊबंदावर झालेल्या अभ्यासात नराची पिसं सुमारे २५ मिलिलिटर पाणी धरू शकतात असं दिसलं, म्हणजे त्याच्या वजनाच्या साधारण १५ टक्के. साठ किलोच्या माणसाने नऊ लिटरची कळशी शर्टात भरून धावत घरी न्यावी, वाटेत फार न सांडता.

आता या पक्ष्याला काय काय लागतं ते बघा. घरट्यासाठी उघडा मुरूम, बियांसाठी गवत, उडून जाण्याच्या टप्प्यात पाणी, आणि त्या पाण्याला उतार असलेली कड, जिथे पोट टेकवता येईल. यातलं एक काढलं की बाकीचं असून नसल्यासारखं.

उलट बाजूनेही तसंच. पट्टकादंब हा हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतो, त्याला सात हजार मीटरच्या वर उडताना नोंदलेलं आहे. दिवसा तो यशवंतसागरच्या पाण्यावर आरामात बसलेला दिसतो, पण चरायला जातो शेतात आणि गवतात. चक्रवाक तसाच. पाणी त्यांचं झोपायचं घर आहे, स्वयंपाकघर काठावर आहे.

‘पण धरण तर माणसानं बांधलेलं’

खरं आहे. नैसर्गिक नाही म्हणून कमी मोलाचं, असा एक सूर असतो. पण महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीतलं आपलं पहिलं नाव, नांदूरमध्यमेश्वर आहे आणि तेही गोदावरीवर घातलेल्या बंधाऱ्यामागे गाळ साचून तयार झालं. २०२० च्या सुरुवातीला तशी घोषणा झाली. पक्षी सातबारा मागत नाही.

तरी धरणाने पक्ष्यांचं भलंच केलं असंही म्हणवत नाही. यासाठी अनेक गावं उठली, नदीकाठची काळी जमीन गेली. पक्ष्यांतही ज्यांना वाहती नदी आणि वाळूची बेटं लागतात त्यांचं नुकसान झालं. नदी सुरय उघड्या बेटावर अंडी घालतो, आणि पाणी अचानक वाढलं तर घरटी बुडतात. वरून, पुणे-पिंपरीकडून, मुळा-मुठेचं सांडपाणीही याच जलाशयात येतं. त्याने पाणी हिरवं होतं, जलपर्णी माजते. मच्छीमारांना विचारा, जाळ्यात हल्ली कोणता मासा सर्वांत जास्त येतो. उत्तर एकच: चिलापी, घाण पाण्यातही तग धरणारी. काही पक्ष्यांना ही खताळ पाण्याची मेजवानी काही काळ मानवतेही, पण त्यावरून पाणी चांगलं आहे असं समजणं म्हणजे उकिरड्यावर कोंबड्या धष्टपुष्ट दिसतात म्हणून तिथे जेवायला बसण्यासारखं.

‘माळावर झाडं लावली तर बिघडलं कुठं?’

हा आक्षेप सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात चांगल्या मनाने घेतला जातो, म्हणून इथे जरा थांबू.

आपल्या डोक्यात जंगल म्हणजे झाडी, आणि झाडी नाही ती जमीन उजाड. ही समजूत सरकारी कागदांतही उतरली आहे. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात झुडपी आणि गवताळ जमिनी मोठ्या प्रमाणात ‘पडीक’ म्हणून मोजल्या जातात. गावच्या दप्तरात पिकाखाली न येणारा तुकडा पोटखराबा. नावातच खराबा म्हटल्यावर तो ‘सुधारायला’ कोणीतरी येणारच. कधी वृक्षारोपण, कधी औद्योगिक वसाहत, कधी सौर पॅनेल.

समजूत अशी की इथे पूर्वी घनदाट अरण्य होतं, माणसाने तोडलं, म्हणून माळ झाला. काही ठिकाणी तसं झालंही असेल. पण पश्चिम महाराष्ट्राच्या या कोरड्या पट्ट्याबद्दल वेगळंच चित्र दिसतं. २०२५ साली संशोधकांनी सुमारे साडेसातशे वर्षांतलं जुनं मराठी वाङ्मय, ओव्या, चरित्रं, लोककथा, यांत येणारी रानझाडं शोधून काढली. त्यात बहुसंख्य निघाली ती विरळ, काटेरी माळावरची, बाभूळ-तरटीच्या जातीची. म्हणजे वारकरी ज्या वाटांनी चालत आले त्या वाटा तेव्हाही बऱ्याच उघड्या होत्या. माळ म्हणजे टक्कल पडलेलं जंगल नव्हे. तो जन्मापासून तसाच आहे.

अशा माळावर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ लावली तर काय होतं? पहिलं, सावलीत गवत विरळ होतं. दुसरं, जमिनीवर अंडी घालणाऱ्यांना चारी बाजूंचं मोकळं लागतं, शत्रू लांबून दिसायला हवा. झाड आलं की त्यावर कावळा येऊन बसतो आणि त्याला वरून सगळी अंडी दिसतात. तुमच्या अंगणात कोणी चोरासाठी माडी बांधून द्यावी, असा तो प्रकार. तिसरं, खड्ड्यांसाठी आणि चरांसाठी यंत्राने उकरलेला मुरूम शंभर वर्षं जुनं गवताचं आवरण मोडतो, आणि ते पुन्हा तसं बसायला फार काळ लागतो.

मग हवेतला कार्बन कोण शोषणार? गवतही शोषतं, फक्त ते दाखवत नाही. झाडाचा कार्बन खोडात दिसतो, गवताचा बहुतेक मुळांत आणि मातीत असतो. वणवा लागला तर खोड जळतं, मुळं जमिनीखाली शाबूत राहतात आणि पावसाबरोबर पुन्हा फुटतात.

झाडं लावायला माझा विरोध नाही. गावठाणात लावा, रस्त्याकडेला लावा, जिथे जंगल होतं आणि तोडलं तिथे तर नक्की लावा. माळावर मात्र हात आखडता घ्या. माळढोक या दुर्मीळ माळपक्ष्याचं उदाहरण समोर आहे. त्याच्यासाठीचं सोलापूरजवळचं नान्नजचं अभयारण्य १९७९ सालचं, कागदावर आधी तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर होतं. त्यात गावंच्या गावं येत होती, लोकांना त्रास झाला, पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. एवढ्या हेलकाव्यांत प्रत्यक्षात माळ किती राहिला आणि कुठला राहिला, हे कोणी फारसं विचारलं नाही. आज माळढोक तिथे दिसला तर ती पेपरात छापायची बातमी होते.

मेंढरं, लांडगे आणि ऊस

‘मग माणसांनी हटायचं का?’ नाही. धनगरांची मेंढरं या माळांवर पिढ्यान्‌पिढ्या फिरत आली आहेत आणि बेताच्या चराईने गवत आखूड राहतं, धाविकाला तेच हवं असतं. एकाच जागी वर्षभर चरणारी जनावरं हा वेगळा विषय, त्याने माळ खरंच उजाड होतो. लांडगा मेंढरू नेतो, हेही खरं, आणि त्याची भरपाई वेळेत मिळाली नाही तर लांडग्याबद्दल प्रेमाने बोलायचा अधिकार शहरातल्या माणसाला उरत नाही. उसाचं म्हणाल तर माळ मोडून तो पसरतोय तो याच उजनीच्या पाण्यावर. म्हणजे जोडखात्यातली एक बाजू दुसरीला खातेय. यावर मला सोपं उत्तर माहीत असतं तर हा लेख लहान झाला असता.

जायचं झालं तर

डिसेंबर ते मार्च. भिगवण पुण्यापासून शंभरएक किलोमीटर, सोलापूर रस्त्यावर. बहुतेक लोक सकाळी पाण्यावर जातात आणि संध्याकाळी माळावर. मी उलटं सुचवतो: उजाडताना माळावर असा. ऊन तापलं की जमिनीवरची हवा थरथरते आणि दुर्बिणीत सगळं पाण्याखाली असल्यासारखं दिसतं. पाण्यावरचे पक्षी दुपारनंतरही भेटतात.

दुर्बीण घेताना ८×४२ असं लिहिलेलं दिसेल. पहिला आकडा किती पट जवळ दिसेल तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पटीच्या मोहात पडू नका, हात थरथरला की पक्षीही थरथरतो. नवख्याला आठ पट पुरे. कपडे मातकट. पांढरा शर्ट आणि अत्तर घरी.

माळावर गाडी चाकोरीतच ठेवा. चाकोरीबाहेर चाक गेलं तर कुणाची अंडी फुटली हे तुम्हाला कळणारही नाही.

बोटीत बसल्यावर नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका. मी एकदा म्हणालो होतो. कुंभारगावच्या बाजूला, साठ-सत्तर रोहित, सकाळचं कोवळं ऊन. नावाडीमामा नको म्हणत होते, मी आग्रह केला. थवा आधी चालायला लागला, मग माना ताठ झाल्या, मग सगळा उडाला. पंखांखालचा लाल-काळा रंग झळकला, फोटो झकास आला. मामा वल्हं आडवं धरून म्हणाले, ‘आता दिसभर इकडं येत नाहीत ते. मागनं पाच बोटी हायेत.’ फोटो माझ्याकडे अजून आहे, कुणाला पाठवला नाही.

पक्षी आहेत का हे विचारायला पक्षिमित्रांपेक्षा या नावाड्यांनाच फोन करावा. मी निघायच्या आदल्या दिवशी करतो. ते पक्ष्यांबद्दल काही सांगत नाहीत, पाण्याबद्दल सांगतात. गेल्या खेपेला उत्तर आलं, ‘कालव्याचं आवर्तन सोमवारी सुटतंय. दोन बोटं पाणी उतरू द्या सर, बुधवारी या.’